रिजेक्शनचं रजिस्टर

दिवाळीत शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्या चार दिवस थंड असतात. एरवी ज्या केबिनमध्ये शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं, तिथं २०२५ च्या लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. टेबलावर नवी वही, तिच्यावर हळदकुंकू, शेजारी चिवड्याची ताटली. फाउंड्रीचे मालक माझे शाळेपासूनचे मित्र. त्यांची भाची लंडनला एका गुंतवणूक कंपनीत शेअरांचा अभ्यास करते आणि दिवाळीला घरी आली होती. मी पेशानं मास्तर. माझा एकही शेअर नाही, म्हणून दोघांनीही मला पंच नेमलं. निकाल मी दिला नाही, पण बोलणं मात्र लिहून ठेवलं.

मामा : ठरलं बघ. कागलकडचा प्लॉट विकून आलेत त्यातले पंचवीस लाख रोल्स-रॉइसमध्ये घालायचे. परदेशी शेअरचं खातं उघडून झालंय.

भाची : मोटारी बनवतात म्हणून नव्हे ना?

मामा : खुळी का काय तू? मोटारी बीएमडब्ल्यू बनवते. मी डर्बीच्या कंपनीचं बोलतोय. विमानाची इंजिनं.

भाची : मग निम्मं काम झालं. लंडनमध्येसुद्धा कित्येकांना इथूनच सुरुवात करून सांगावं लागतं. १९७१ मध्ये मूळ कंपनी बुडाली, सरकारनं इंजिनांचा धंदा ताब्यात घेतला आणि १९७३ मध्ये मोटारींचा वेगळा झाला. नाव एक, मालक दोन. पण मामा, घ्यायचा का, ते सांगा.

मामा : जानेवारी २०२३ मध्ये भाव एक पौंडाच्या खाली होता. आज अकराच्या आसपास आहे.

भाची : ते तेव्हा घ्यायला हवा होता याचं कारण झालं. आज का?

मामा : धातूमुळं.

(इथं त्यांनी पाडव्याच्या एका आमंत्रणपत्रिकेची कोरी बाजू पुढं ओढली आणि पेननं एक पातं काढलं. वाकलेलं, आतून पोकळ, अंगभर टिंबं.)

मामा : हे टर्बाइनचं पातं. इंजिनात इंधन जळतं त्याच्या लगेच मागं हे बसतं. याच्यावरून जाणारा वायू या धातूच्या वितळबिंदूपेक्षाही तापलेला असतो. हिशोबानं पातं वितळून खाली गळायला पाहिजे, आणि ते तर मिनिटाला हजारो फेऱ्या मारतंय. का गळत नाही? तर पोटातून थंड हवा खेळवलीय. थंड म्हणजे आपला हात भाजेल अशीच, पण त्या वायूच्या मानानं थंड. ती या बारीक भोकांतून बाहेर पडते आणि पात्याच्या अंगावर पांघरूण धरते. पोटातली ही पोकळी चिनीमातीसारख्या कोअरनं करतात आणि कोअर मागाहून रसायनानं विरघळवून काढतात. मेणाचा नमुना, त्यावर साचा, मेण वितळवून बाहेर. पद्धत आपल्या पंचधातूच्या मूर्तीचीच.

भाची : हे मला माहीत आहे.

मामा : पुढचं नसेल. आपण ओततो तेव्हा धातू गोठताना असंख्य दाणे धरतात. दोन दाण्यांची जिथं हद्द, तिथंच तडा सुरू होतो. या लोकांनी हद्दच ठेवली नाही. अख्खं पातं एका दाण्याचं. साच्याच्या तळाशी पिळाची वाट ठेवतात, तिला म्हणतात डुकराची शेपटी. खाली पुष्कळ दाणे उगवतात, पण त्या पिळातून वर एकटाच पोचतो आणि मग तोच पातंभर वाढतो. साचा भट्टीतून किती सावकाश बाहेर ओढायचा, सगळं शास्त्र त्यात. चाळीस वर्षं ओतकाम करतोय मी. हे बघितलं की हात जोडावेसे वाटतात.

भाची : हात जोडा. पैसे का जोडता?

मामा : कारण दुसऱ्या कुणाला हे सहजी जमत नाही. चीननं स्वतःचं प्रवासी विमान उडवलं, सी-९१९. इंजिन कुणाचं? अमेरिका-फ्रान्सच्या जोडकंपनीचं. आपलं कावेरी इंजिन १९८९ मध्ये मंजूर झालं आणि २००८ मध्ये तेजसपासून वेगळं करावं लागलं. पैसा आहे, हुशार माणसं आहेत, सरकार पाठीशी आहे, तरी देशच्या देश अडतात. मोठ्या, लांब पल्ल्याच्या विमानांना आज इंजिन देणारे मुख्य दोनच, जीई आणि हे. एअरबसचं ए३५० घेतलं तर इंजिन यांचंच, दुसरा पर्यायच नाही. इंडिगोनं साठ ए३५० मागवलीत. एअर इंडियाकडं ती उडायला लागलीत. अशा दुकानाच्या गल्ल्यात आपला चार आण्यांचा वाटा असावा, एवढंच म्हणतोय मी.

भाची : तटबंदी भक्कम आहे, मान्य. पण मामा, पन्हाळ्याला राहणाऱ्या माणसानं हे विसरू नये की गड अभेद्य असला तरी वेढा पडला की दाणागोटा संपतो. या कंपनीवर वेढा दोनदा पडला. पहिला १९७१ चा. लॉकहीडच्या ट्रायस्टार विमानासाठी आरबी-२११ इंजिन द्यायचं कबूल केलं, तेही ठरलेल्या किमतीला.

मामा : फिक्स रेटची ऑर्डर. आणि माल अजून डिझाइनमध्येच.

भाची : तेच. पुढच्या पंख्याची पाती कार्बन फायबरची करायची होती. ती पक्षी आदळण्याच्या चाचणीत टिकली नाहीत, पुन्हा टायटॅनियमवर यावं लागलं. खर्च हाताबाहेर गेला आणि ४ फेब्रुवारी १९७१ ला कंपनीचा ताबा कर्जवसुली अधिकाऱ्याकडं गेला. आता गंमत बघा. ते इंजिन पुढं फार चांगलं निघालं. आजची सगळी ट्रेंट इंजिनं त्याच वंशातली आहेत. पण तोवर कंपनी सरकारची झाली होती. पुन्हा बाजारात आली ती १९८७ मध्ये, १७० पेन्सला. इंजिन जिंकलं आणि त्यासाठी पैसा घातलेला भागधारक बाहेर बसला. उत्तम यंत्र आणि उत्तम शेअर यांची गाठ बांधलेली नसते.

मामा : पन्नास वर्षांपूर्वीचं काय सांगतीस?

भाची : मग पाच वर्षांपूर्वीचं घ्या. त्याआधी मला सांगा, ही कंपनी इंजिन विकून किती कमावते?

मामा : आता ते तूच सांग. तोटा होतो म्हणणार, माहीत आहे.

भाची : होतोच. २०१८ च्या सुमारास एका मोठ्या इंजिनामागं सरासरी दहा लाख पौंडांहून जास्त तोटा होता. कमाई नंतरची. विमान कंपनीशी देखभालीचा लांब करार होतो. इंजिन जितके तास उडेल तितक्या तासांचे पैसे. दुरुस्ती, सुटे भाग, सगळं इंजिनवाल्याच्या अंगावर. नाव ‘टोटलकेअर’. कल्पना जुनी आहे, ब्रिस्टल सिडली कंपनीनं १९६२ मध्ये लहान इंजिनांसाठी तासाच्या दरानं हे सुरू केलं होतं. तेव्हा तुम्ही जे घ्यायला निघालात तो इंजिनांचा कारखाना कमी आणि तासावर चालणारा मीटर जास्त आहे. २०२० मध्ये विमानं जमिनीवर आली आणि मीटर थांबला. मोठ्या इंजिनांचे तास आदल्या वर्षाच्या ४३ टक्क्यांवर आले. वर्षभरात ४.२ अब्ज पौंड रोकड बाहेर गेली. तो दुसरा वेढा.

मामा : निभावलं की त्यातनं.

भाची : कुणाच्या पैशानं? भागधारकांना सांगितलं, तुमच्याकडच्या दर तीन शेअरांमागं दहा नवे घ्या, ३२ पेन्सनं. शेअरांची संख्या १९३ कोटींवरून ८३७ कोटींवर गेली. ज्यानं नवे घेतले नाहीत त्याचा वाटा चौथाईपेक्षाही खाली आला. म्हणून भावाच्या जुन्या आलेखावर बोट ठेवून हिशोब करू नका. भाकरीचे तुकडे चौपट झालेत.

(मामा थोडा वेळ गप्प बसले. चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात राहिले. मग एकदम हसले.)

मामा : आमच्या कॉम्प्रेसरची गोष्ट तुला सांगितलीय का? आठ वर्षं झाली. एका कंपनीनं देखभालीचा करार दिला. वर्षाला ठरलेली रक्कम, फिल्टर, ऑइल, सुटे भाग, सगळं त्यांच्याकडं. विकायला आलेला पोरगा टाय घालून आला होता, केबिनमध्येच बसून दर लावून गेला. शॉपमध्ये पाऊल टाकलं नाही. आमच्याकडं वाळूचा धुरळा. फिल्टर वर्षाला दोनदा बदलायचं त्यानं धरलं होतं, बदलावं लागलं दर दीड महिन्याला. दुसऱ्या वर्षी एअरएंड, म्हणजे कॉम्प्रेसरचा गाभाच, गेला, तोही त्यांच्याच डोक्यावर. तिसऱ्या वर्षी करार पुढं चालवायला कुणी आलंच नाही. माझा लाख-दीड लाखाचा फायदा झाला.

भाची : आता खुर्ची फिरवा, मामा. तुम्ही कारखानदार नाही. त्या कॉम्प्रेसर कंपनीचे भागधारक आहात.

(घड्याळाचा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला.)

भाची : दुबईत नोव्हेंबर २०२३ मध्ये विमानांचं प्रदर्शन होतं. तिथं एमिरेट्सचे प्रमुख टिम क्लार्क यांनी ए३५० च्या मोठ्या आवृत्तीच्या इंजिनाबद्दल उघडपणे नाराजी व्यक्त केली. इंजिन जोरकस आहे, पण आमच्या उन्हात आणि धुळीत पुरेसं टिकत नाही, असा तक्रारीचा रोख. इंजिन विमानाच्या पंखावरून न उतरवता किती तास चाललं, हा या धंद्यातला सगळ्यात मोलाचा आकडा. दुरुस्तीला लवकर उतरलं तर तासाचा दर तोच, खर्च मात्र वाढला. तुमचा धुरळा आणि त्यांचा धुरळा एकच आहे.

मामा : पण टिकाऊपणा वाढवायला ते पैसे घालतायत, ते वाचलंय मी.

भाची : घालतायत, एक अब्ज पौंडांच्या घरात, आणि नवीन पात्यांचा चांगला परिणाम होईलही. पण आधी ट्रेंट १००० चं आठवा, बोइंग ७८७ वरचं. हवेतल्या गंधकानं मधल्या टप्प्याच्या टर्बाइनची पाती खाल्ली, तडे गेले. पुढं कॉम्प्रेसरच्या पात्यांचाही त्रास निघाला. विमानं महिनोन् महिने उभी राहिली. भरपाई आणि दुरुस्ती मिळून दोन अब्ज पौंडांहून जास्त खर्च.

मामा : आणि त्याआधी २०१० मध्ये क्वांटासचं. सिंगापूरवरून उडालेलं ए३८०, इंजिन हवेत फुटलं. त्याचा अहवाल मी दोनदा वाचलाय. तेल नेणारा बोटाएवढा पाइप. त्याच्यातलं एक बोअर सेंटर आउट. त्यामुळं एका बाजूची भिंत पातळ राहिली, तिथं तडा गेला, तेल गळलं, आग लागली आणि टर्बाइनची तबकडी फुटून तुकडे पंखातनं आरपार गेले. ४६९ माणसं होती विमानात. सगळी सुखरूप उतरली, वैमानिकांची कमाल. पण मूळ कारण काय? सेंटर आउट! आमच्याकडं बाळू ऑपरेटर असला पीस बाजूला काढून लाल रंग मारतो.

भाची : बघा, हे मला आकड्यांच्या तक्त्यात दिसत नाही.

मामा : पण मग माझंही ऐक. असले बिघाड सगळ्यांचेच होतात. प्रॅट अँड व्हिटनीचं बघ की. २०२३ च्या जुलैत सांगितलं, धातूच्या भुकटीत भेसळ निघाली, इंजिनं उतरवून तपासावी लागतील. शेअर एका दिवसात दहा टक्के पडला. आपल्याकडंही किती विमानं उभी राहिली. पण त्या पडलेल्या भावात ज्यानं मालक कंपनीचा शेअर घेतला त्याचे पैसे दोन वर्षांत चांगलेच वाढले. गिऱ्हाईक जातं कुठं? एकदा विमानाला इंजिन बसलं की दुसऱ्याकडं जायची सोय नाही. बिघाड झाला की लोक शेअर विकतात, मी म्हणतो तेव्हाच घ्यावा.

भाची : यावर मी भांडणार नाही, कारण इथं मी स्वतः चुकले आहे. २०२३ च्या वसंतात या शेअरचा भाव दीड पौंड होता. मी आमच्या लोकांना लिहून दिलं, आता पुरे, विका.

मामा : (टेबलावर थाप मारून) मास्तर, हे लिहा!

भाची : लिहू देत. पण का चुकले तेही लिहा. मी पात्यांचं आयुष्य मोजलं, उडण्याचे तास मोजले. करार बदलता येतात हे मोजलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये तुफान एर्गिनबिल्गिच प्रमुख म्हणून आले, मूळचे तेलाच्या धंद्यातले, बीपीचे. पहिल्याच महिन्यात कर्मचाऱ्यांना म्हणाले की आपण जळत्या फलाटावर उभे आहोत. मला ते नाटकी वाटलं. पण त्यांनी तोट्यातले करार एकेक करून पुन्हा वाटाघाटीला आणले. दर वाढवले. २०२२ मध्ये धंद्याचा नफा होता ६५.२ कोटी पौंड, २०२४ मध्ये झाला २.४६ अब्ज. हाती उरलेली रोकड २.४ अब्ज. कर्ज फिटून थोडी शिल्लकही राहिली. लाभांश पुन्हा सुरू झाला.

मामा : मग अडचण कुठं आहे? माणूस चांगला, माल चांगला, मीटर २०१९ च्या पुढं गेलाय. वर पाणबुड्यांच्या अणुभट्ट्या आहेत, डेटा सेंटरच्या जनरेटरची इंजिनं आहेत. ती एमटीयू नावाची इंजिनं तर आपल्या चाकणला फोर्स मोटर्सबरोबर बनतात. छोट्या अणुवीज प्रकल्पांसाठी जूनमध्ये ब्रिटिश सरकारनं यांनाच निवडलं.

भाची : अडचण तीन ठिकाणी आहे. पहिली, भाव. कागद द्या. शेअर साधारण ८४० कोटी, भाव अकरा पौंड. अख्ख्या कंपनीची किंमत झाली सुमारे ९२ अब्ज पौंड. यंदा हाती उरेल असा कंपनीचाच अंदाज ३ ते ३.१ अब्ज. म्हणजे एका वर्षाच्या रोकडीच्या तीसपट. २०२८ साठी त्यांनी ४.२ ते ४.५ अब्ज म्हटलंय. ते सगळं जमलं असं धरलं तरी वीस-बावीसपट. तुमची फाउंड्री वर्षाला एक कोटी सोडत असेल आणि कुणी तीस कोटी देत असेल तर?

मामा : किल्ल्या त्याच्या हातात ठेवून जोतिबाला जाईन.

भाची : झालं तर! आणि लाभांश म्हणाल तर २०२४ साठी शेअरमागं ६ पेन्स. तुमच्या पंचवीस लाखांचे जेमतेम एकोणीसशे शेअर येतील. वर्षाला हाती येतील तेरा-चौदा हजार रुपये. पैसे पाठवताना दहा लाखांवरच्या रकमेवर बँक वीस टक्के कर आधी कापून घेईल, तो विवरणपत्रात वळता होईल. खरेदीवर तिकडची अर्धा टक्का स्टॅम्प ड्युटी लागेल, ती परत येणार नाही. ही बारीक गोष्ट. पण लक्षात ठेवा, तुमच्या हाती येणारं सगळं भाव आणखी चढण्यावर आहे.

मामा : दुसरी?

भाची : दुसरी, ज्या बाजारात विमानं सगळ्यात जास्त विकली जातात तिथं हे नाहीतच. मुंबईहून दिल्लीला जाता त्या लहान विमानांच्या इंजिनांतून यांनी २०१२ मध्ये आपला वाटा प्रॅट अँड व्हिटनीला विकला आणि बाहेर पडले. आता परत यायचं म्हणतात. अल्ट्राफॅन नावाचं प्रायोगिक इंजिन डर्बीला २०२३ मध्ये चालवूनही दाखवलं. पण नव्या इंजिनात उतरायचं म्हणजे पुन्हा अब्जावधी घालायचे आणि दहा-पंधरा वर्षं वाट बघायची. आरबी-२११ ची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

मामा : आणि तिसरी?

भाची : तिसरी तुमच्या कॉम्प्रेसरवाल्या पोराची. या कंपनीचा नफा मोजतात कसा? करार अनेक वर्षांचा. विमान किती तास उडेल, इंजिन किती वेळा उतरवावं लागेल, प्रत्येक खेपेला किती खर्च येईल, हे सगळं आज धरायचं आणि त्यावरून यंदाचा नफा लिहायचा. पुढच्या वर्षी अंदाज बदलला, समजा इंजिन जास्त टिकेल असं वाटलं, की मागच्या वर्षांचा राहिलेला नफासुद्धा यंदाच्याच खात्यात येऊन पडतो. उलट झालं तर तोटाही तसाच. २०१८ मध्ये हिशोबाचे नियम बदलले तेव्हा जुन्या वर्षांचे नफे नव्यानं मांडावे लागले आणि पुष्कळ आकसले.

मामा : यात कुणी फसवत नाही ना?

भाची : हिशोबात फसवत नाहीत. लाच दिल्याचं जुनं प्रकरण होतं, त्यात भारताचंही नाव होतं. २०१७ मध्ये ६७.१ कोटी पौंड भरून ते मिटवलं. पण हा हिशोब नियमानुसारच आहे. दुसरी रीतच नाही. लेखापरीक्षकही या अंदाजांना खास तपासायची बाब म्हणून अहवालात वेगळी जागा देतात. रोकडीचंही तसंच. विमान कंपनी तासाला पैसे आज भरते, दुरुस्ती चार-पाच वर्षांनी येते. मधल्या काळात ती रक्कम यांच्या हाती खेळते, म्हणून रोकड भरपूर दिसते. पण ते पुढं करायच्या कामाचे आगाऊ पैसे आहेत. काही अंशी यामुळंच २०२२ अखेर ताळेबंदात मालमत्तेपेक्षा देणी सहा अब्ज पौंडांनी जास्त होती आणि तरी कंपनी चालत होती.

(मामांनी मघाचं आमंत्रण पुन्हा ओढलं. पात्याच्या चित्राकडं बराच वेळ बघत राहिले.)

मामा : म्हणजे मी तुला हे पातं दाखवत होतो, आणि तू मला नफा दाखवत होतीस. पण तुझ्या नफ्याच्या आकड्याच्या पोटात हे पातंच आहे. हे किती तास टिकेल, त्यावर तुझा आकडा.

भाची : हो. आणि मला धातूतलं काही कळत नाही.

मामा : मला पत्रकातलं कळत नाही. पण एक सांगतो. आमच्याकडं नवा कास्टिंग पार्ट आला की पहिल्या वर्षीचं रिजेक्शन धरून कुणी दर देत नाही. तीन पावसाळे जाऊ द्यावे लागतात. दमट हवेत वाळू वेगळी वागते. कितीही हुशार माणूस असला तरी त्याला ते आधी सांगता येत नाही. ए३५० ला आपल्या हवेत किती पावसाळे झाले?

भाची : एअर इंडियाचं पहिलं जानेवारी २०२४ पासून उडतंय.

मामा : दोन. इंडिगोची अजून यायचीत.

भाची : बाकी जगात दहा वर्षं उडालंय, हे मात्र त्यांच्या बाजूनं धरायला हवं. आणि आपल्याकडं उडतं ते इंजिन एमिरेट्सनं नावं ठेवलेल्यापेक्षा कमी जोराचं आहे, त्याचा लौकिक चांगला आहे.

मामा : आता तूच त्यांची वकिली करायला लागलीस.

भाची : मी शेअर वाईट म्हटलाच नाही. चांगल्या बातम्या भावात येऊन बसल्यात, एवढंच म्हणते. तीस पट भाव देणारा असं गृहीत धरतो की पातं टिकेल, विमानं उडत राहतील, डॉलर-पौंड फार हलणार नाही आणि साहेब नोकरी सोडणार नाहीत. डॉलरचंही सांगते. यांची कमाई मुख्यतः डॉलरची, खर्च बराचसा पौंडाचा, म्हणून अनेक वर्षांचे डॉलर आधीच विकून ठेवतात. २०१६ मध्ये ब्रिटननं युरोपीय संघ सोडायचा कौल दिला, पौंड कोसळला, आणि त्या सौद्यांचं मूल्य मांडताना वर्षाचा तोटा निघाला ४.६ अब्ज पौंड. इंजिनात काहीही बिघडलं नव्हतं.

(बाहेर कुणीतरी लवंगी माळ लावली. आवाज थांबेपर्यंत दोघंही गप्प होते.)

मामा : एक विचारतो. आपल्याकडं रिजेक्शनचं रजिस्टर असतं. किती ओतले, किती बाद गेले, का बाद गेले. ब्लो होल, कोअर सरकला, सेंटर आउट. मोठं गिऱ्हाईक आलं की शॉप बघायच्या आधी ते रजिस्टर मागतं. या कंपनीचं तसलं रजिस्टर बघायला मिळतं का? कुठल्या इंजिनाची किती पाती, किती तासांनी, कशामुळं उतरली?

भाची : विमान कंपन्यांना त्यांच्या इंजिनांपुरतं कळतं. भागधारकांना नाही. अहवालाच्या शेवटच्या टिपांत एक परिच्छेद असतो. दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज इतका हलला तर नफा इतका हलेल.

मामा : पाचवीच्या पुस्तकातल्यासारखा एक परिच्छेद?

भाची : एकच. पण प्रामाणिक असतो. मी दरवर्षी अहवाल उघडते तो तिथूनच.

मामांनी नवी वही उघडली. पहिल्या पानावर ‘श्री’ काढून झालेलं होतं. दुसऱ्या पानावर त्यांनी सावकाश कंपनीचं नाव लिहिलं, पुढं पंचवीस लाखांचा आकडा लिहिला, आणि मग त्यावर आडवी रेघ मारून बाजूला ‘दोन’ असं लिहिलं.

“एका परिच्छेदापुरतेच घालतो,” ते म्हणाले. “बाकीचे रजिस्टर दाखवतील तेव्हा.”

भाचीनं वही आपल्याकडं वळवून घेतली आणि खाली तारीख टाकली.